खिडकी कशी उघडावी : ‘रन’च्या चौकटीची कुळकथा

विंडोज असलेल्या कुठल्याही कॉम्प्युटरवर, डेस्कटॉपवरच्या एखाद्या शॉर्टकटवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. टार्गेट, स्टार्ट इन, शॉर्टकट की या ओळींच्या खाली ‘रन’ अशी एक चौकट आहे. बाणावर क्लिक केलं की तीन पर्याय खाली उतरतात : नॉर्मल विंडो, मिनिमाइज्ड, मॅक्झिमाइज्ड. प्रोग्रॅम उघडेल तेव्हा त्याची खिडकी मध्यम आकाराची असावी, खाली टास्कबारवर गुपचूप बसावी की पडदाभर पसरावी, हे इथे ठरतं. वीस-वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसणाऱ्या कित्येकांनी ही चौकट कधी पाहिलेली नसते. रोज सकाळी प्रोग्रॅम चालू करायचा, कोपऱ्यातलं मधलं बटण दाबून खिडकी मोठी करायची आणि मग कामाला लागायचं, असा त्यांचा शिरस्ता.

सांगली-साताऱ्याच्या डीटीपीवाल्यांना ही चौकट माहीत असणं भाग होतं. नव्वदच्या दशकाचा शेवट आणि त्यापुढची काही वर्षं आठवून पाहा. सांगलीत हळदीच्या अडत्यांची बिलबुकं, साताऱ्यात राजवाड्याजवळच्या दुकानांतून छापायला जाणाऱ्या लग्नपत्रिका, निवडणुका लागल्या की दोन्हीकडे ग्रामपंचायतीच्या पॅनेलची हँडबिलं. हे सगळं पेजमेकर आणि कोरल या प्रोग्रॅममध्ये जुळवलं जाई, ट्रेसिंग पेपरवर प्रिंट निघे आणि मग ते ऑफसेटकडे जाई. मॉनिटर चौदा इंची, त्यावर ८०० बाय ६०० ठिपक्यांचा पडदा. तेवढ्या जागेत पेजमेकरचे मेनू, पट्ट्या, रंगांची आणि स्टाइलची पॅलेट, आणि उरलेल्या तुकड्यात लग्नपत्रिका. खिडकी दोन बोटं लहान उघडली तरी वधूच्या वडिलांचं नाव दिसेना.

त्यात मराठीची आणखी एक अट होती. युनिकोड अजून दुकानात पोहोचलं नव्हतं. देवनागरी टाइप करायची तर पुण्याच्या सी-डॅकचं आयएसएम किंवा पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी आधी चालू असावं लागे. हे प्रोग्रॅम कीबोर्ड आणि पेजमेकर यांच्या मध्ये बसत. तुम्ही दाबलेली की पकडत, तिचं काना-मात्रा-जोडाक्षरांत रूपांतर करत आणि फॉण्टमधल्या योग्य तुकड्यांचे क्रमांक पुढे सरकवत. ते चालू नसतील तर श्री-लिपीचा फॉण्ट निवडूनही पडद्यावर भलतीच अक्षरं उमटत. म्हणून दुकानात नवा कॉम्प्युटर आला की पहिलं काम ठरलेलं : कीबोर्डच्या प्रोग्रॅमचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये टाकायचा आणि त्याच्या ‘रन’मध्ये मिनिमाइज्ड करायचं. पेजमेकरच्या शॉर्टकटला मॅक्झिमाइज्ड. सकाळी मशिन सुरू झालं की मराठी आपोआप हजर, आणि जागा अडवायला कोणी नाही.

मी जिथे पेजमेकर शिकलो तिथल्या ज्येष्ठ ऑपरेटरने पहिल्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट दाखवली होती. पेजमेकर मॅक्झिमाइज होऊन उघडला तरी आतलं डॉक्युमेंट लहानच राही, कारण त्या काळच्या प्रोग्रॅममध्ये खिडकीच्या पोटात खिडकी असे. कोपऱ्यात बटणांच्या दोन ओळी दिसत : वरची प्रोग्रॅमची, खालची डॉक्युमेंटची. ‘रन’च्या चौकटीचा हुकूम फक्त बाहेरच्या खिडकीला लागू. आतलीचं बटण हातानेच दाबावं लागे. हुकूम कुठपर्यंत चालतो हे त्या दोन ओळींकडे बघून नेमकं कळत असे.

या हुकमाचं कूळ शोधायचं तर १९७३ सालापर्यंत मागे जावं लागतं. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची पार्क नावाची संशोधन संस्था होती आणि तिथे त्या वर्षी आल्टो हा कॉम्प्युटर तयार झाला. त्याचा पडदा उभा होता, छापील पानासारखा, ६०६ ठिपके रुंद आणि ८०८ ठिपके उंच. तिथे ॲलन के आणि त्यांचे सहकारी स्मॉलटॉक ही प्रणाली घडवत होते. पडदा लहान, एका वेळी दाखवायचं पुष्कळ. त्यांनी खिडक्या एकमेकींवर अर्धवट झाकू दिल्या, टेबलावर कागद पसरतात तशा. डॅन इंगल्स यांनी पडद्यावरच्या ठिपक्यांचा आयताकृती तुकडा झपाट्याने इकडून तिकडे हलवण्याची बिटब्लिट ही क्रिया बांधली, म्हणून तसल्या खिडक्या वापरता येण्याइतक्या वेगाने हलू लागल्या. खिडक्या एकमेकींवर येऊ लागल्या त्याच क्षणी एक प्रश्न जन्माला आला, जो आधी नव्हता : नवी खिडकी कुठे आणि केवढी उघडायची, आणि हे सांगणार कोण?

याच झेरॉक्सने १९८१ मध्ये स्टार हा कॉम्प्युटर विक्रीला आणला आणि या प्रश्नाचं उत्तर अगदी उलटं दिलं. स्टारमध्ये कामाच्या खिडक्या एकमेकींवर येतच नसत. प्रणाली त्या शेजारी-शेजारी बसवी. माणसाला खिडक्या हलवत बसायला लावू नये, असा तिथला विचार होता. मायक्रोसॉफ्टने २० नोव्हेंबर १९८५ ला विंडोज १.० आणलं तेव्हा तीही याच वाटेने गेली. फरशा बसवाव्यात तशा खिडक्या, आणि बंद न केलेले पण बाजूला ठेवलेले प्रोग्रॅम पडद्याच्या तळाशी आयकॉन होऊन एका ओळीत.

मला या पहिल्या, अडखळत्या विंडोजबद्दल आदर आहे, त्याचं कारण तिच्या पोटातली एक रचना. विंडोजमधला प्रोग्रॅम ज्या जागी सुरू होतो त्याला प्रोग्रॅमर विनमेन म्हणतात. प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्या हातात चार गोष्टी दिल्या जातात आणि त्यातली चौथी असते एक आकडा, एन-सीएमडी-शो नावाचा. हा आकडा प्रोग्रॅम स्वतः ठरवत नाही. ज्याने त्याला हाक मारली तो ठरवतो. आकडा सांगतो : तू पडद्यावर येताना असा ये. प्रोग्रॅमने तो आकडा घ्यायचा आणि खिडकी दाखवण्याच्या पहिल्या आज्ञेला जसाच्या तसा पुढे द्यायचा. विंडोजसाठी प्रोग्रॅम लिहिताना जी हेडर फाइल लागते तिच्यात त्या आरंभीच्या काळातली नावं अजून जपून ठेवली आहेत : ० म्हणजे खिडकी लपव, १ म्हणजे उघडी दाखव, २ म्हणजे आयकॉन कर, ३ म्हणजे पडदाभर. आज तुम्ही शॉर्टकटमध्ये मॅक्झिमाइज्ड निवडता तेव्हा त्या शॉर्टकटच्या फाइलमध्ये ३ हाच आकडा लिहिला जातो.

सामान्य माणसाच्या हातात हा आकडा यायला मात्र वेळ लागला. जुन्या विंडोजमध्ये विन.आयएनआय नावाची साधी मजकुराची फाइल असे आणि तिच्यात दोन ओळी : लोड आणि रन. रनच्या ओळीत नाव लिहिलं तर प्रोग्रॅम सुरुवातीलाच खिडकी होऊन उघडे, लोडच्या ओळीत लिहिलं तर आयकॉन होऊन तळाशी बसे. नोटपॅड उघडून ती फाइल हाताने बदलायची. डिसेंबर १९८७ मध्ये विंडोज २.० आलं. खिडक्या एकमेकींवर यायला मोकळ्या झाल्या आणि मिनिमाइज-मॅक्झिमाइज हे शब्द रूढ झाले. एप्रिल १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये स्टार्टअप नावाचा ग्रुप आला आणि प्रत्येक आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘रन मिनिमाइज्ड’ अशी खूण करायची चौकट. फाइल उघडायची गरज संपली. पण तिथे फक्त लहान करण्याची सोय होती, पडदाभर करण्याची नव्हती.

याच काळात पतसंस्थांच्या टेबलांवर एक चुलत शाखा नांदत होती. त्यांचे हिशेबाचे प्रोग्रॅम फॉक्सप्रोमध्ये लिहिलेले, डॉसवर चालणारे. विंडोजमधून असा प्रोग्रॅम उघडायचा तर त्याच्यासाठी पिफ नावाची छोटी फाइल लागे. ही पद्धत मुळात आयबीएमच्या टॉपव्ह्यू या प्रणालीतून आली होती. तिच्यात किती मेमरी द्यायची हे जसं लिहिलेलं असे तसंच पडदाभर उघडायचं की खिडकीत, हेही. क्लार्क मंडळींना पिफ ठाऊक नसे, पण ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलं की काळा पडदा खिडकी होतो आणि पुन्हा दाबलं की पडदाभर, हे त्यांच्या बोटांत होतं.

२४ ऑगस्ट १९९५ ला विंडोज ९५ आलं आणि तीन पर्यायांची आजची चौकट अवतरली. यातल्या मिनिमाइज्डचा आकडा पाहण्यासारखा आहे. नॉर्मलला १, मॅक्झिमाइज्डला ३, मग मिनिमाइज्डला २ असायला हवा. शॉर्टकटमध्ये लिहिला जातो तो ७. दोन आणि सात दोन्ही खिडकी लहान करतात. फरक एवढाच, की दोनमध्ये लहान झालेली खिडकी कीबोर्डचा ताबाही स्वतःकडे घेते. सातमध्ये ताबा आधी जिच्याकडे होता तिच्याकडेच राहतो. मशिन सुरू होताना ऑपरेटरने घाईने पेजमेकर उघडून टायपिंग सुरू केलं आणि मागाहून स्टार्टअपमधला एखादा प्रोग्रॅम जागा झाला, तर त्याने मध्येच अक्षरं गिळू नयेत. कुणीतरी हा प्रसंग डोळ्यांसमोर आणून सात निवडला आहे. न दिसणाऱ्या जागी घेतलेल्या अशा काळजीला माझ्या लेखी फार मोल आहे.

दुसरी शाखा अमेरिकेतल्याच एमआयटीत वाढली. तिथे १९८४ मध्ये रॉबर्ट शाइफलर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो प्रणाली रचली. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती निघाली आणि युनिक्स-लिनक्सवर तीच कायम झाली. तिथे प्रोग्रॅमच्या नावापुढे ‘जिऑमेट्री’ लिहून थेट मापं द्यायची. ८०×२४+०+० म्हणजे ऐंशी अक्षरं रुंद, चोवीस ओळी उंच, वरच्या डाव्या कोपऱ्यात. अधिकऐवजी उणे चिन्ह दिलं की माप उजव्या किंवा खालच्या कडेपासून मोजलं जाई. घड्याळाला १००×१००-०+० एवढं लिहिलं की ते वरच्या उजव्या कोपऱ्याला चिकटून उघडे, पडदा केवढाही असो.

एक्सच्या नियमांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. खिडकीने आपली जागा कळवताना ती जागा कोणी सांगितली हेही कळवायचं असतं. त्यासाठी दोन वेगळ्या खुणा आहेत : यूएस-पोझिशन, म्हणजे वापरणाऱ्याने सांगितलेली, आणि पी-पोझिशन, म्हणजे प्रोग्रॅमने आपल्या मनाने सुचवलेली. आकाराच्याही अशाच दोन खुणा. खिडक्यांची व्यवस्था पाहणाऱ्याने पहिली खूण दिसली की मुकाट्याने ऐकायचं. दुसरी दिसली तर ती फक्त सूचना मानायची. टॉम लास्ट्रेंज यांनी १९८७ मध्ये लिहिलेला टीडब्ल्यूएम हा व्यवस्थापक तर, वापरणाऱ्याने काही सांगितलं नसेल तेव्हा, रिकामी चौकट माउसच्या टोकाला बांधून देई. तुम्ही जिथे क्लिक कराल तिथे खिडकी उघडे. बसणाऱ्या माणसाचा शब्द आणि यंत्राचा अंदाज यांत थोरला कोण, हे नियमावलीत इतक्या स्वच्छपणे लिहिलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ही शाखा आपल्याकडे इंजिनिअरिंग कॉलेजांतून आली. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, सातारा जिल्ह्यातलं कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. विश्रामबागेतल्या वालचंदमध्ये विद्यार्थ्यांचा वालचंद लिनक्स युजर्स ग्रुप आहे. वरच्या वर्गातली मुलं खालच्या वर्गातल्या मुलांना लिनक्स शिकवतात. लिनक्सवर केडीई हा डेस्कटॉप लावला की खिडकीच्या मथळ्यावर राइट क्लिक करून प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळा नियम लिहिता येतो : हा नेहमी डाव्या अर्ध्यात, तो दुसऱ्या डेस्कटॉपवर, अमुक खिडकीला कधी मथळाच नको. प्रत्येक नियमाला जोर किती तेही ठरवता येतं : ‘फक्त उघडताना’, ‘लक्षात ठेव’ किंवा ‘सक्तीने’. यूएस-पोझिशनचं हे नातवंड म्हणायला हरकत नाही. विंडोजच्या तीन पर्यायांवर वाढलेल्या मुलाला पहिल्यांदा हे दिसतं तेव्हा कॉम्प्युटर आपला आहे ही गोष्ट त्याला खरी वाटू लागते.

बाकी सगळ्यांना महाराष्ट्रात खिडक्या शिकवल्या त्या एमएस-सीआयटी या कॉम्प्युटरच्या प्राथमिक अभ्यासक्रमाने. २००१ मध्ये तो चालवणारं एमकेसीएल स्थापन झालं आणि पाहता पाहता विटा, तासगाव, फलटण, कोरेगाव अशा तालुक्याच्या गावांत केंद्रं उघडली. नोकरीच्या अटीमुळे शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक सगळेच तिथे बसले. उजव्या कोपऱ्यातल्या तीन बटणांची ओळख तिथे पक्की झाली. ‘रन’ची चौकट फारशी कुणाला दाखवली गेली नाही, ही माझ्या मनातली खंत आहे. बटण दाबणं रोज करावं लागतं, हुकूम एकदाच द्यावा लागतो. शिकवायचा होता तो हुकूम.

दरम्यान प्रोग्रॅम स्वतःच आठवण ठेवू लागले होते. विंडोज ३.१ ने खिडकीचं ठिकाण एका दमात विचारून घेण्याची आणि पुन्हा लावण्याची सोय दिली होती. तिच्या जोरावर बरेच प्रोग्रॅम बंद होताना आपली मापं लिहून ठेवत. इंटरनेट एक्सप्लोररही ठेवी. त्यामुळे सायबर कॅफेत एक तोडगा तोंडोतोंडी फिरे : सगळ्या खिडक्या बंद करा, शेवटची हवी तेवढी ओढून मोठी करा, मग तीही बंद करा, पुढच्या वेळी तशीच उघडेल. तोडगा खरा होता. शेवटी बंद झालेल्या खिडकीची मापं रजिस्ट्रीत लिहिली जात.

या आठवणीतूनच आज सर्वांत जास्त छळणारी अडचण आली. शाळेत प्रोजेक्टर जोडला, खिडकी त्याच्या पडद्यावर नेली, तास संपला, वायर काढली. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम उघडतो, टास्कबारवर दिसतो, पण खिडकी कुठेच नाही. ती उघडली आहे कालच्या जागी, आज नसलेल्या पडद्यावर. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याची गरज नाही. टास्कबारवर त्या प्रोग्रॅमवर एकदा क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेसबार दाबा, मग एम दाबा, कुठलाही बाण एकदा दाबा आणि माउस हलवा. खिडकी माउसला चिकटून परत येते. विंडोज ७ पासून विंडोज-शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण दाबूनही ती एका पडद्यावरून दुसऱ्यावर उडी मारते.

पुढची कथा सरळ वर जाणारी नाही. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये नव्या पद्धतीची ॲप पडदाभरच उघडत. वापरणाऱ्याला विचारण्याचा प्रश्नच ठेवला नव्हता. लोकांनी ते स्वीकारलं नाही आणि खिडक्या परत आल्या, तरी स्टोअरमधून येणारी पुष्कळ ॲप शॉर्टकटमधला आकडा आजही जुमानत नाहीत. लिनक्सवर एक्सची जागा घेत असलेल्या वेलँडने, ज्याची सुरुवात २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी केली, मूळ नियमांत प्रोग्रॅमचा जागा सुचवण्याचा अधिकारच काढून टाकला. जागा ठरवणार खिडक्यांचा व्यवस्थापक. त्यात सुरक्षिततेचं कारण आहे आणि ते मला पटतं. पण यूएस-पोझिशनसारखी, माणसाचा शब्द वेगळा ओळखणारी खूणही त्याबरोबर गेली, हे पटत नाही. विंडोज ११ मध्ये मात्र एक चांगली भर पडली : सेटिंगमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, मल्टिपल डिस्प्लेज इथे गेलं की मॉनिटर जोडला-काढला तरी खिडक्यांच्या जागा लक्षात ठेवण्याची खूण करता येते. दोन मॉनिटर वापरणाऱ्याने ती जरूर तपासून घ्यावी.

युनिकोड आल्यापासून मराठीसाठी वेगळा प्रोग्रॅम मिनिमाइज करून ठेवावा लागत नाही. पेजमेकरही गेला. पण आमच्या भागात पतसंस्था, दूध संस्था, साखर कारखाने आणि बाजार समित्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी सांगलीत, कराडात, साताऱ्यात आजही बसलेली आहेत आणि त्यांच्या खिडक्यांसमोर शेकडो कारकून दिवसभर बसतात. त्यांना माझं मागणं साधं आहे. हाक मारणाऱ्याने दिलेला तो चौथा आकडा वाचा आणि पाळा. खिडकी बंद होताना तिची जागा लिहून ठेवा. पुन्हा उघडताना ती जागा आज पडद्यावर आहे का ते आधी तपासा. अनुभवी प्रोग्रॅमरला हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि वाचकांनी घरातल्या किंवा ऑफिसातल्या वयस्कर माणसाच्या कॉम्प्युटरवर आज एवढं करावं : ते रोज उघडतात त्या दोन-तीन शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘रन’च्या चौकटीत मॅक्झिमाइज्ड निवडावं, ॲप्लाय दाबावं, आणि कसं केलं ते त्यांनाही दाखवावं.